हिर्रयो म्हंजी काय?

वाळूजच्या कंपनीच्या बसमध्ये रोज सकाळी एकच गाणं वाजायचं. त्यात गाणारा पोरीला सारखा "हिर्रयो, हिर्रयो" म्हणायचा. त्याचा अर्थ काय, यावरून त्या दिवशी बसमध्ये वाद पेटला.

"जीव जडला, असं असंल," प्रेरणा म्हणाली.

"नाय, पिऊन टाइट झालो, असं," ड्रायव्हर खंडेराव म्हणाले.

अंबिकाला हसू आवरेना. "अहो, आमचे आबा मेंढरं माघारी बोलवताना हेच म्हणतात!"

कुणाचा विश्वास बसेना. तिनं वडिलांना, कडूबांना, फोन लावून स्पीकर सुरू केला. ते तेव्हा मेंढरं घेऊन अजिंठ्याकडच्या माळावर होते.

"आबा, हिर्रयो म्हणून दाखवा की जरा."

कडूबांनी छाती भरून हाक दिली. पाठोपाठ फोनमधून शंभरेक मेंढरांचा बें-बें असा कल्ला उसळला. अख्खी बस हसून लोटपोट झाली. घर सोडल्यावर सहा महिन्यांनी ती हाक ऐकून अंबिकाचा ऊर भरून आला.

"लई शहाणी हायेस!" कडूबा ओरडले. "आत्ताच चरायला सोडली व्हती, समदी माघारी पळत आली की!"

मेंढरं बघायला रविवारी जायचंच, असं बसमध्ये तिथंच ठरलं.