लेपाचे सत्तर टक्के

आधीच सांगते, माझं डोकं लवकर तापतं. त्यात तोंडी परीक्षा दोन दिवसांवर आलेली, आणि सासूबाई, प्रयागबाई, माझ्या प्रबंधावर हात ठेवून विचारतात, "शामला, दोन वर्षं तू यात काय करून राहिली वं?"

सासऱ्यांनी, नानाजींनी, एकदाच मुदत दिली होती. उन्हाळ्यापर्यंत एम.एस्सी. झाली तर कॉलेजात नोकरी कर, नाहीतर प्रताप नगरातलं हे घर आणि ही चूल. म्हटलं, सांगून टाकू एकदाचं.

"संत्र्याले डिंक्या रोग होते ना, खोडातून डिंक गळून झाड मरते तो? वीस झाडांले सरांचा लेप लावला, वीस तशीच ठेवली. लेपानं फरक पडतच नसता तर दोन्हीकडे सारखीच जगली असती. तशी किती जगाले पाह्यजे होती ते काढाचं, खरी किती जगली ते पाहाचं. फरकाचा वर्ग करून अपेक्षेनं भागाचं. मेलेल्यांचंही तसंच. सगळ्यांची बेरीज ३.८४ च्या वर गेली, तर हा नुसता योगायोग म्हणणं कठीण. याले काय-स्क्वेअर म्हणतात. माझी बेरीज ८.३३!"

"मंग जगली किती?"

"लेपाची सत्तर, बिनलेपाची पन्नास."

"अवं, वीस झाडांतली सत्तर कशी जगतीन?"

"टक्के आहेत ते, आई!" मी खेकसले, आणि तिथंच माझी चूक मला दिसली.

टक्के घालायचेच नसतात त्यात. मोजलेली झाडं घालायची असतात. चाळीस झाडांचं गणित मी बावळटासारखं शंभर-शंभर धरून दोनशे झाडांचं केलं होतं. वहीत पुन्हा मांडलं. जगली चौदा आणि दहा, अपेक्षा बारा-बारा. मेली सहा आणि दहा, अपेक्षा आठ-आठ. बेरीज १.६७, ३.८४ च्या कितीतरी खाली. लेपाचा गुण सिद्धच होत नव्हता.

तशीच माझ्या मार्गदर्शकांकडे, लेप बनवणाऱ्या गोपाळराव सरांकडे धावले. त्यांनी वही बघितली आणि मिटली. "प्रबंधावर माझी सही आहे, शामलाबाई. तोंड उघडाल तर दोघंही बुडू."

घरी येऊन सासूबाईंना सगळं सांगितलं. म्हटलं, खरं बोलले तर पुन्हा वर्षभर झाडं मोजावी लागतील.

"तुये सासरे नाई थांबत वर्षभर," त्या म्हणाल्या. "चूप राय. मी बी नाई बोलत."

मी चूप राहिले. परीक्षकांनी ८.३३ वर बोट टेकवलं, "छान" म्हणाले. मी हसले. इतकी किळस मला स्वतःची कधी आली नव्हती.

रविवारी नानाजी आम्हा दोघींना आमच्या हुडकेश्वरच्या संत्र्याच्या बागेत घेऊन गेले. लेपाचं पिंप आधीच आलं होतं.

"तीनशेच्या तीनशे झाडांले हाच लेप!" ते शेजारच्या रुपरावांना ओरडून सांगत होते. "जुना इलाज आजपासून बंद! आमच्या सुनेनं आकडे काढले गा!"

"मंग मलेई धाडा एक पिंप," रुपराव म्हणाले.

सासूबाई माझ्याकडे बघेनात. त्यांनी कुंचला बुडवला आणि पहिल्या बुंध्याला लेप लावला. मी बादली पुढच्या झाडाकडे सरकवली.