रामेश्वराच्या नावाने भरलेला तांब्या

मित्रांनो, स्वयंपाकघराच्या फडताळात मिक्सरच्या खोक्यामागे जो पिवळा, पोट सुटलेला गडी दिसतो ना, तो मी. मी एक जुना फिरकीचा तांब्या आहे. माझं झाकण पेचाचं. ते फिरवून घट्ट बसवायचं, वरच्या कडीला धरायचं आणि मला गाडीत न्यायचं, एवढ्यासाठीच माझा जन्म. तरी आजवर माझा प्रवास झाला तो घरापासून रामकुंडापर्यंत.

नाशिकच्या तांबट आळीत गोटीराम नावाच्या कारागिराने मला ठोकून घडवलं. आतून चकचकीत कल्हई केली, पाण्याने भरलं, झाकण पिळलं आणि उलटं धरलं. थेंब पडला नाही तेव्हा तो म्हणाला, "हा लांब जाणार." त्याच्यावर विश्वास ठेवायला मला आवडलं.

मला विकत घेतलं आशाबाईंनी, १९९५ साली. त्या प्राथमिक शाळेत शिक्षिका. घर पंचवटीत, नदीपासून हाकेच्या अंतरावर. आता नदीजवळ घर असणं ही नाशिकला चैन नाही, ती नोकरीच आहे. चांदवडहून, कळवणहून कोणी अस्थी घेऊन येतं, कोणी दशक्रियेला, कोणी त्र्यंबकच्या पूजेला. पिशवी दारात टेकवायची आणि चहा मागायचा. आशाबाईंच्या साऱ्या सुट्ट्या पिठलं-भाकरीत गेल्या. सुट्टीच्या दुपारी त्या कधी झोपलेल्या नव्हत्या.

त्यांची एकच हौस होती, तंजावर. तिथल्या मोठ्या देवळाच्या भिंतीवर भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरलेला आहे, हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. रात्रीची भांडी आवरली की त्या रेल्वेचं टाइमटेबल उघडून बसत. समोर त्यांचे यजमान धनराज आणि मधे टेबलावर मी.

"आठ दिवस राहायचं," त्या म्हणायच्या. "रोज थोडं वाचायचं आणि सावलीत बसून राहायचं. कोणासाठी उठायचं नाही."

"अगं, दोन तासांत बघून होईल ते. आठ दिवस करणार काय?"

"काही नाही करणार. त्यासाठीच जायचं."

धनराज सातपूरच्या कारखान्यात होते. त्यांना काही न करण्याची सवय नव्हती, पण बायकोचा चेहरा पाहून ते हो म्हणाले. मित्रांनो, ते दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस. मी अजून रिकामा होतो, आणि कुठेतरी जाणार होतो.

मग हे अक्काबाईंच्या कानावर गेलं. अक्काबाई म्हणजे धनराजांची आई. बाई वाईट नव्हती. एका पहाटे तिने मला उचललं, रामकुंडावर नेलं, काठोकाठ भरलं आणि माझं तोंड लाखेने बंद करून देव्हाऱ्यात ठेवलं. नाशिकमध्ये गोदावरीलाच गंगा म्हणतात.

"एवढ्या लांब चालले अन् रामेश्वराला गंगेचं पाणी नाय न्यायचं? मंग जायचं तरी कशाला?" ती म्हणाली. "आता हे पाणी पोचल्याबिगर दुसरीकडं कुठं जायचं नाय. आपल्या घरात तशी रीतच हाय."

झालं. रामेश्वर म्हटल्यावर चांदवडचा धाकटा दीर बहिरू सहकुटुंब तयार झाला. शेजारच्या लताबाई तयार झाल्या. वाटेत तिरुपती आलं, खाली कन्याकुमारी आली. तंजावरचं काय, असं आशाबाईंनी विचारलं तेव्हा बहिरू म्हणाला, "गाडी बदलताना उभ्या उभ्या पाहून घेऊ ना, वहिनी."

"बरं," आशाबाई म्हणाल्या.

निघायच्या आधी धनराजांचे कळवणचे चुलते वारले. सुतक आलं, तिकिटं परत केली. आणि दशक्रियेला सगळी मंडळी आली कुठे, तर याच घरी. आशाबाईंनी पिठलं केलं.

पुढच्या दिवाळीत अक्काबाईंचे गुडघे धरले. त्याच्या पुढच्या वर्षी बहिरूचा कांदा काढायचा राहिला होता, मग त्याच्या मुलीचं लग्न निघालं. प्रत्येक वेळी तंजावर निघे आणि प्रत्येक वेळी अक्काबाई देव्हाऱ्याकडे बोट दाखवीत, "आधी ते." आशाबाई म्हणत, "बरं." त्या भांडल्या असत्या, रडल्या असत्या, तर मला हलकं वाटलं असतं. पण त्या फक्त टाइमटेबल विकत घ्यायच्या थांबल्या. नंतर नंतर त्या माझ्यासमोर वात लावीत, तेव्हा त्यांचे डोळे माझ्यावरून भिंतीवरून जावेत तसे जात.

आता तुम्हाला एक गोष्ट सांगतो, जी घरात कोणालाच ठाऊक नव्हती. दुसऱ्याच उन्हाळ्यात माझी लाख केसाएवढी तडकली. पाणी रोज थोडं थोडं उडत गेलं आणि मी कोरडा झालो. देवाच्या नावाचा तांब्या, त्याला हलवायचं नाही, म्हणून कोणी उचललाच नाही. अक्काबाई मला रोज हळदकुंकू वाहायची. आधी मला लाज वाटायची. मग तेही वाटेनासं झालं. पितळ तसंही गारच असतं.

सिंहस्थाचं वर्ष आलं, घर माणसांनी फुटायला आलं आणि ओसरलं. दुसऱ्या वर्षी अक्काबाई गेली. जाताना म्हणाली, "पाणी राह्यलं."

वर्षश्राद्ध झालं. दिवाळीआधी धनराज देव्हारा साफ करायला बसले आणि त्यांनी मला उचललं. उचललं आणि तसेच थांबले. मग कानाशी धरून हलवलं.

"आशा, अगं, यात पाणीच नाही."

आशाबाईंनी मला हातात घेतलं, लाखेवरची चीर पाहिली. तिच्यावरून नख फिरवलं.

"म्हणजे इतकी वर्षं आपल्याला कोणीच अडवलं नव्हतं," त्या म्हणाल्या.

धनराजांनी मान खाली घातली. "आईचा शब्द होता गं. पुन्हा भरून आणू का?"

"आणा. तुम्हाला आईंसाठी रामेश्वरला जायचं असेल तर जरूर जा. मी तंजावरला चालले."

आवाज चढला नव्हता. दुसऱ्या दिवशी धनराज दोन तिकिटं घेऊन आले आणि म्हणाले, "तंजावरचीच आहेत."

आशाबाईंनी माझं तोंड उघडलं. आतली कल्हई उडून मी हिरवा पडलो होतो. त्यांनी चिंच लावून घासून पाहिलं. आळीत येणारा कल्हईवाला कधीच यायचा बंद झाला होता. "याच्यातलं पाणी आता प्यायचं नाही," त्या म्हणाल्या आणि मला फडताळात ठेवलं. स्टेशनवर पाण्याची बाटली घ्यायचं ठरलं. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

घराला कुलूप लागलं. एका सकाळी दार वाजलं. "वहिनी, ओ वहिनी," असं कोणीतरी बराच वेळ हाका मारत होतं. मग पिशवी उचलल्याचा आवाज आला आणि पावलं धर्मशाळेच्या दिशेने गेली.

परत आल्यावर लताबाईंनी विचारलं, "कसं होतं मग तंजावर?"

"पहिले काही दिवस काहीच वाटलं नाही हो," आशाबाई म्हणाल्या. "अक्षरं दिसायची, आत काही जायचं नाही. म्हटलं, उशीर झाला बहुतेक. मग एका दुपारी तिथेच ओवरीत झोप लागली. उठले तर हे शेजारी बसलेले. किती वेळ झाला म्हटलं, तर म्हणाले, घड्याळ बघितलं नाही."

"मग?"

"मग पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला घेतलं."

मित्रांनो, मला आता कल्हई मिळाली नाही तरी चालेल. पण तुमच्या घरात काही जपून, बंद करून ठेवलं असेल तर ते अधूनमधून उचलून बघा. आणि घरात कोणी नुसतंच 'बरं' म्हणत असेल, तर त्या माणसाजवळ जाऊन बसा आणि त्याला कुठे जायचं होतं ते विचारा.