नावाड्याचा वाकडा अंगठा

मित्रांनो, आज तुम्ही मला शिपाई म्हणून पाहता. डोक्यावर शिरस्त्राण, अंगात चिलखत, हातात भाला. पण खरं सांगू? मी एक जुना नावाडी आहे. प्लास्टरचा का होईना, पण नावाडीच.

आपल्या प्रांताच्या इतिहासाचं हे संग्रहालय उभं राहत होतं तेव्हाची गोष्ट. नदीवर नुकताच पूल झाला होता आणि नावांचे दिवस भरत आले होते. नाव गेली तरी नावाडी राहावा, म्हणून मूर्तिकाराने घाटावरच्या खऱ्या नावाड्यालाच समोर उभं करून मला घडवलं. हा नावाडी मोठा गमत्या माणूस. दोरात सापडून त्याचा उजवा अंगठा वाकडा झाला होता. मूर्तिकार माझा अंगठा सरळ करू लागला, तेव्हा त्याने अडवलं.

"राहू द्या तसाच. नाहीतर घरचे ओळखायचे नाहीत मला."

सगळे हसले. मूर्तिकाराने अंगठा वाकडाच ठेवला.

पुढच्याच वर्षी महापूर आला आणि नवाकोरा पूल वाहून गेला. नावाड्याने अडगळीतली नाव पुन्हा पाण्यात लोटली. खालच्या वस्तीतली माणसं त्याने खेपेखेपेने बाहेर काढली. शेवटच्या खेपेला गेला तो गेलाच. नावेच्या फळ्या सापडल्या, तो सापडला नाही. त्याचा साधा फोटोही घरात नव्हता. उरलो तो मी.

मग त्याची बायको येऊ लागली. पहिल्या दिवशी तिने माझ्या तोंडाकडे पाहिलंसुद्धा नाही. थेट अंगठा धरला आणि तिथेच खाली बसली. म्हातारा पहारेकरी तिला कधी हटकत नसे. छप्पर गळतंय, पोरगी हट्टी आहे, अगदी बापावर गेली आहे, असं सगळं ती मला सांगे. मध्येच विचारी, "अहो, ऐकताय ना?" मी ऐकत होतो, मित्रांनो. फक्त हूं म्हणता येत नव्हतं, आणि त्याने माझा जीव तुटायचा.

पुढे तिचा पाय मोडला. लग्न झालेल्या लेकीने तिला आपल्या घरी नेलं. इकडे पहारेकरी निवृत्त झाला, नवे साहेब आले. त्यांना लढाईच्या देखाव्यासाठी एक शिपाई कमी पडत होता. जुना पुतळा पडूनच आहे की, असं कुणीतरी म्हणालं. माझं वल्हं गेलं, भाला आला. दाढी चिकटली. हातांवर पत्र्याचे पंजे चढले.

एके दिवशी ती आली, काठी टेकत, लेकीच्या आधाराने. माझ्या जुन्या कोपऱ्यात आता एक पडदा होता आणि त्यावर चित्रातल्या नावा चालत होत्या. तिने नव्या पहारेकऱ्याला नावाड्याबद्दल विचारलं. तो बिचारा भला माणूस. म्हणाला, "इथे नावाडी कधी नव्हताच, आजी."

तिने सगळं दालन पालथं घातलं. माझ्यासमोरही थांबली. माझ्या हाताकडे पाहिलं. पत्र्याखाली माझा अंगठा होता, आणि मला बोट हलवता येत नव्हतं.

"आई, हा शिपाई आहे. चल," लेक म्हणाली.

ती वळली. जाता जाता हळूच बोलली, "दुसऱ्यांदाही सापडले नाहीत गं."

त्यानंतर ती आली नाही.

मित्रांनो, जुनी वस्तू जरूर बदला, जागाही मोकळी करा. पण हात लावण्याआधी एवढं विचारा, की ही कुणाची कोण लागते? आणि तुमच्यापैकी कुणाला ती म्हातारी भेटली, तर तिला एकदा माझ्याकडे घेऊन या. उजव्या हातावरचा पंजा तेवढा काढा. अंगठा अजून वाकडाच आहे.