मठातला जावई

आमच्या गावच्या मठाच्या भिंतीवर निळ्या रंगात लिहिलं आहे, 'ज्याला कोणी नाही त्याला नाथबाबा.' त्याखाली बारीक अक्षरात, 'कोणी असल्यास त्यांनी येऊन घेऊन जावे.' आजवर कोणी घेऊन गेलेलं नाही. मठ चालतो आहे, त्यावरून ते दिसतंच.

गाव चौसाळ्याच्या अलीकडे, हायवेला लागून. गाड्या अधूनमधून एखाद्या माणसाला फाट्यावर उतरवतात आणि पुढे जातात. त्या माणसाला आपल्याला कुठं जायचं होतं ते आठवत नाही, किंवा आठवायचं नसतं. मग तो मठात येतो. मठ सांभाळतात त्रिंबक महाराज. महाराज पूर्वी एसटीत कंडक्टर होते. अजूनही पंगत बसली की 'पुढं सरका, मागं जागा करा' म्हणतात. आणि जागा होते.

बाकी सगळं गाव करतं. ज्वारीचं पीठ घरोघरच्या पाळीनं येतं, जळण मारुतीच्या आळीकडून, आणि डाळ आमचे नेते विजयसिंह यांच्याकडून. डाळीच्या पोत्यावर त्यांचा फोटो चिकटवलेला असतो, त्यामुळे डाळ कुणाची हा प्रश्न उरत नाही.

त्या डाळीची आमटी करायचा अजिनाथ. मूळचा शिरूर कासारकडचा, ऊसतोडीच्या टोळीत आयुष्य गेलेलं. बायको कारखान्यावर आजारी पडली आणि तिथंच वारली. त्यानंतर टोळी गावी परतली, हा फाट्यावर उतरला. मठात आल्यावर दुसऱ्या दिवशी त्यानं कुणाला न विचारता चूल सारवली, आमटीला फोडणी दिली आणि रात्री चुलीजवळच अंथरूण टाकलं. जेवणारे आधी देवाचं नाव घेऊन जेवत. त्या दिवसापासून ते जेवून मग देवाचं नाव घेऊ लागले. महाराजांनी हा बदल चालवून घेतला.

असं बरं चाललं होतं. मग धोंड्याचा महिना आला.

धोंड्याच्या महिन्यात जावयाला बोलावतात, ओवाळतात, पुरणाचे धोंडे खायला घालतात, कापडं करतात. तीन वर्षांतून एकदा येतो हा महिना, आणि ज्यांना मुलगी नाही त्यांना तो लवकर संपत नाही. छबुबाई आणि सुंदरराव या जोडप्याला मूलबाळच नव्हतं. छबुबाईच्या हाताला पुरण असं जमायचं की दर धोंड्याला अख्खी आळी तिला बोलवायची. आयुष्यभर तिनं दुसऱ्यांच्या जावयांसाठी पुरण वाटलं आणि हात धुऊन घरी आली. या खेपेला ती मठात आली.

"महाराज, एक जावई पायजे हुता."

महाराजांनी चष्मा काढला. "किती वेळासाठी?"

"दुपारच्या जेवणापुरता. संध्याकाळच्या आत आणून सोडते."

महाराजांनी पडवीत बसलेल्या सगळ्यांवरून नजर फिरवली. अजिनाथ एकटाच असा होता, ज्याच्या शर्टाला सगळी बटणं होती. त्यामुळे तो जावई ठरला.

त्याला पाटावर बसवलं. सुंदररावांनी वाकून पायावर पाणी घातलं, कमरेत उसण भरलेली असताना. छबुबाईनं ओवाळलं, टोपी-टॉवेल दिला, धोतरजोडी दिली. धोंडे वाढले, कटाची आमटी वाढली, आणि समोर बसून राहिली.

"आमटी कशी झाली, जावईबापू?"

आमटीला मीठ कमी होतं. आमटीच्या बाबतीत अजिनाथनं कधी कुणाची भीड ठेवली नव्हती. पण त्यानं छबुबाईच्या तोंडाकडे पाहिलं.

"लई चांगली झाली, मावशी."

"मावशी कामून म्हन्ता? मामी म्हना."

"लई चांगली झाली, मामी," अजिनाथ म्हणाला आणि आणखी दोन वाट्या प्यायला.

खरी अडचण दुसऱ्या दिवशी सकाळी झाली. विजयसिंह डाळीचं पोतं घेऊन आले, सोबत फोटो काढणारा. पाहतात तर अजिनाथ नवी टोपी घालून चूल फुंकतोय.

"महाराज, हे काय? सुंदररावाचा जावई तो गावचा जावई. गावच्या जावयाला तुमी राख फुकायला लावता?"

"तो रोजच फुकतो."

"काल पाटावर बसला न्हवं का? समद्या गावानं पाह्यलं. उद्या पाटोद्याला बाजारात कुनी म्हनलं, ह्यांचे जावई मठात भांडी घासत्यात, तर मी तोंड कुठं दाखवू?"

गावात जावयाचे नियम फार स्पष्ट आहेत. सासुरवाडीत त्यानं कामाला हात लावायचा नाही. त्यामुळे चूल बंद. दानाच्या पंगतीत बसायचं नाही, म्हणून मठातलं जेवण बंद. त्यातून आता त्याला सासू-सासरे होते, म्हणजे 'ज्याला कोणी नाही' यातही तो बसेना. छबुबाईच्या घरी राहावं तर घरजावई, आणि ते तर मठापेक्षा वाईट. अजिनाथला काल दुपारपर्यंत या जगात एक जागा होती. त्याचा मान वाढला आणि ती गेली.

तोवर गावानं तोडगा काढला. पडवीत बाज टाकली, बाजेवर लोड ठेवला, लोडाला अजिनाथ टेकवला. पीठ पाळीनं यायचं तसं आता पाळीनं बोलावणं येऊ लागलं. रोज नवीन घर, रोज पुरण. पोरंटोरं 'दाजी' म्हणून पाया पडू लागली. तो परत येऊन बाजेवर बसायचा आणि चुलीकडे बघायचा.

चुलीपाशी आता बजरंग होता. मठातलाच, पूर्वी ट्रकवर क्लीनर असलेला, आणि डाळ शिजली की नाही ते तो बोटानं न दाबता पातेल्यावर कान ठेवून ओळखायचा. त्याची आमटी ताटात वाढली की जागची हलायची नाही.

"कशी झालीय, दाजी?" तो लांबून विचारायचा.

"हळद कच्ची हाय, बे. वास येतोय हितवर."

"तुमी कशाला बोलता? तुमी जावई मान्सं. लोडाला टेका."

मठातली माणसं पुन्हा आधी देवाचं नाव घेऊन जेवू लागली.

पंधरवडा गेला आणि विजयसिंहांच्या लक्षात आलं की जावई जात नाहीय. जावयानं यावं, जेवावं, जावं. राहिला तर लोक हसतात. त्यांनी ठरवलं, अमावस्येला धोंडा संपतो, त्या दिवशी सगळ्या गावानं मिळून अजिनाथची पाठवणी करायची. शाल, नारळ, हलगी, आणि फाट्यापर्यंत जीप.

"फाट्यावरून कुठं?" महाराजांनी विचारलं.

"आपल्या घरी," विजयसिंह म्हणाले. "जावई कुठं जात्यात?"

हलगीवाल्याला निरोप गेला.

त्या संध्याकाळी महाराज बाजेवर येऊन बसले. "अजिनाथ, एक शब्द बोल. म्हन, मी कुनाचा जावई न्हाई, जेवायला गेलतो, जेवून आलो. टोपी काढून ठिव. उद्या सकाळी चूल तुझी."

अजिनाथनं टोपी काढली, झटकली, परत घातली.

"मामी आता बायांत बसून काय सांगती, म्हाईत हाय का तुमाला? आमच्या जावयाला तिखट सोसत न्हाई म्हन्ती. मी मिरच्या कच्च्या खातो, महाराज. तीन आळ्यांत सांगून झालंय तिचं."

"मंग?"

"मंग मी काय तिला खोटं पाडू?"

महाराज उठले. कंडक्टर असताना त्यांनी पुष्कळांना मधेच उतरवलं होतं. पण त्या लोकांकडे तिकीट नसायचं.

अमावस्येला मठापुढं गाव जमलं. जीप उभी राहिली, तिच्या आरशाला हार. विजयसिंहांनी जावई आणि गाव यांच्या नात्यावर भाषण केलं आणि त्यात रस्त्याचं कामही सांगून घेतलं. छबुबाई एका बाजूला शिदोरी धरून उभी होती.

"चला, पाव्हनं," विजयसिंह म्हणाले.

अजिनाथ उठला नाही. त्यानं बाजेवर बूड फिरवलं आणि भिंतीकडे तोंड करून बसला.

हलगी थांबली. जमलेल्या बायांमध्ये कुजबुज झाली, आणि मग छबुबाईच्या तोंडावर असं काही आलं जे आम्ही आजवर कधी पाहिलं नव्हतं.

"आगं बया," ती हळूच म्हणाली. "रुसला."

जावई रुसला की गावाला पर्याय नसतो. मागल्या धोंड्याला वरच्या आळीत एक जावई मोटारसायकलीसाठी रुसला होता आणि घेऊनच उठला होता. रुसलेला जावई उपाशी दाराबाहेर गेला, तर त्या घराकडे पुन्हा सोयरीक येत नाही. इथं तर घर नव्हतं, अख्खं गाव होतं. विजयसिंहांनी घाम पुसला.

"काय पायजे, पाव्हनं? तोंडानं बोला. गाडी पायजे का?"

अजिनाथ भिंतीला म्हणाला, "न्हाई."

"मंग?"

"मठाची चूल. आन् तिच्या शेजारची झोपायची जागा. कायमची."

"आवो, पन गावच्या जावयानं सैपाक करायचा म्हंजी..."

"विजयसिंह," छबुबाई पुढं आली. आजवर भरल्या गावापुढं ती पुरणाशिवाय कशाबद्दल बोललेली नव्हती. "जावयाचा रुसवा घिऊन गाव बसनार हाय का? मागतोय ते द्या. गाडीपरीस सस्त्यात सुटताय."

विजयसिंहांनी महाराजांकडे पाहिलं. महाराज म्हणाले, "पुढं सरका, त्याला जागा करा."

विजयसिंहांनी चूल दिली. दिली म्हणजे, चुलीला हार घातला आणि फोटो काढला. बजरंगनं पळी अशी घाईनं सोडली की ती फरशीवर वाजली. अजिनाथनं टोपी खुंटीला लावली, बजरंगची डाळ म्हशीला पाठवली आणि नवं आधण ठेवलं. म्हैस मारुतीच्या आळीची होती. तिनंही वास घेतला नुसता.

त्या दुपारी गाव मठातच जेवलं. हलगीवाला आणि जीपचा ड्रायव्हर सुद्धा. छबुबाई पंगतीच्या शेवटाला बसली होती. अजिनाथ पळी घेऊन वाढत वाढत तिच्यापर्यंत आला, आणि वाढायचं सोडून उभा राहिला.

"मामी, एक बोलू का?"

"बोला की."

"त्या दिवशी तुमच्या आमटीला मीठ कमी हुतं."

छबुबाईनं मान खाली घातली, पदरानं तोंड झाकलं, आणि शेजारच्या बाईला कोपरानं ढोसलं. तेव्हापासून ती विहिरीवर, देवळात, बाजारच्या गाडीत, जिथं चार बाया भेटतील तिथं तक्रार करते, आमचा जावई लई नावं ठेवतो बाई जेवणाला, काय केलं तरी पसंत पडत न्हाई त्याला.