घोळीची जागा

"जालं सगळीकडंच फाटतं, साहेब. दर्या हाय तो," चिमण तांडेलने चौथ्यांदा तेच सांगितलं आणि ललितने वही मिटली.

सव्वाशे वर्षांपूर्वी शेकडो उतारूंसकट बुडालेली एक नावाजलेली आगबोट शोधायला ललितची सर्वेक्षणाची लाँच आली होती. धाकटी डहाणूच्या बंदरात त्याला पंधरवडा झाला. खोल समुद्रात जाळी नेमकी कुठे अडकतात, एवढंच त्याला हवं होतं. बुडालेल्या बोटींनाच ती अडकतात. पण अशा बोटींच्या आडोशाला सोन्याच्या भावाने विकला जाणारा घोळ मासा राहतो, आणि घोळीची जागा कोणी सख्ख्या भावालाही सांगत नाही. त्यामुळे सगळं बंदर एकाएकी अडाणी झालं होतं.

चिमणची वहिनी हिरू शेजारीच त्याचं जाळं सांधत होती. सकाळपासून तिचं कशात लक्ष नव्हतं. ललित गेला तशी तिने सुई खाली ठेवली.

"चिमण, साहेबाला तुझी जागा सांग."

"कुठली जागा, वैनी?"

"तीन वर्सांपूर्वी तुझ्या जाल्यात दुसऱ्या जाल्याचा तुकडा आलता. तू कापून फेकलास, मी उचलला. तुझ्या भावाचं जालं व्हतं, गाठी माझ्या हातच्या व्हत्या."

चिमण खाडीकडे बघत राहिला. त्याचा मोठा भाऊ जीवन, हिरूचा नवरा, २०१४ साली होडी घेऊन गेला तो परतलाच नाही. शोध चार दिवस चालला. मग लोक म्हणाले, पाकिस्तानने धरला असेल, कराचीच्या तुरुंगात असेल. सुटलेल्या खलाशांची यादी आली की हिरू धावत जाई, आणि तो तुकडा पेटीच्या तळाशी असूनही नाव शोधत राही. मेलेल्या परक्यांसाठी पंधरा-पंधरा दिवस यंत्रं फिरतात, याचा तिला आता संताप येत होता.

"मला कळू दे," ती म्हणाली. "ना धड इकडं, ना तिकडं. झोप नाय मला."

"जागा सांगितली तर उद्या सगळं बंदर तिथं जाईल."

"जाऊ दे."

चिमण खालच्या आवाजात म्हणाला, "मी तुझ्या घरी घोळ पाठवतो ना, ती तिथलीच हाय, वैनी."

त्या होडीच्या आडोशाची घोळ हिरू आजवर रांधत आली होती. तिथून उठून जावं, त्याला वाट्टेल ते बोलावं, असं तिला वाटलं. पण ती जागची हलली नाही.

"तरी सांग," ती म्हणाली.

चिमणने जीपीएसमधले आकडे ललितला दिले. तिसऱ्या दिवशी लाँच परतली. हिरू धक्क्यावर उभीच होती. चिमणही येऊन तिच्या मागे थांबला. ललितने लॅपटॉप उघडून समुद्राच्या तळाचं करडं चित्र दाखवलं.

"पंचेचाळीस फूट लांब. साधी मासेमारीची होडी दिसते," तो हिरमुसून म्हणाला. "ही आपली नाही."

"माझी हाय," हिरू म्हणाली.

ललितला काही कळेना. चिमणने त्याला बाजूला नेऊन सांगितलं. तो परत आला आणि त्याने लॅपटॉप हिरूकडे वळवला.

"कलंडलीय का, साहेब?"

"नाही, मावशी. सरळ बसली आहे."

हिरूने पदराला हात पुसले आणि चित्रातल्या होडीवर तळवा टेकवला. तिने हात काढेपर्यंत ललित लॅपटॉप धरून उभा राहिला.