कॅलेंडरात न मावलेलं टेबल

दीनानाथ मास्तरांनी आयुष्यभर दुसऱ्यांना बघायला शिकवलं, आणि त्याबद्दल त्यांना स्वतःविषयी बराच आदर होता. कऱ्हाडच्या शाळेत त्यांनी एकोणतीस वर्षं चित्रकला शिकवली. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना त्यांनी बसवलेली मुलं गोळा केली तर एक छोटं गाव वसेल. निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली तरी फळ्यासमोर उभं असल्यासारखं बोलायची खोड काही जाईना. भाजी कशी झाली असं विचारलं तरी ते आधी रंगाबद्दल मत देत आणि मग चवीकडे वळत.

गेल्या वर्षी त्यांची पत्नी सुप्रभा गेली आणि मुलीनं, सुचेतानं, त्यांना सहा महिन्यांसाठी लंडनजवळच्या वॉटफर्डला आणलं. सुचेता तिथल्या एका हॉस्पिटलात फार्मासिस्ट होती. अंधारातच घराबाहेर पडायची, अंधार पडल्यावर परत यायची. बापलेकीत भांडण नव्हतं, पण बोलणंही बेताचंच होतं. गोळ्या घेतल्या का, हीटिंग चालू आहे का, इंडियातून कुणाचा फोन आला का, एवढ्यात दोघांचं संभाषण आटोपायचं.

त्या दिवशी मात्र सुचेतानं मास्तरांसाठी अर्ध्या दिवसाची रजा काढली होती. कारण होतं एक चित्र.

मास्तरांच्या वर्गात चाळीस वर्षांपूर्वी एका बियाणांच्या कंपनीचं कॅलेंडर आलं होतं. तारखा कधीच संपल्या, पण वरचं चित्र मास्तरांनी कापून, पुठ्ठ्यावर चिकटवून भिंतीला लावलं. अंधारी खोली, बंद दार, आणि त्या दाराला पाठ लावून उभी असलेली एक बाई. तिचा एक हात मागे कडीवर, डोळे मिटलेले. डावीकडून थोडा उजेड येऊन तिच्या गालावर पडलेला. खाली मुंगीएवढ्या अक्षरांत चित्रकाराचं नाव होतं. तो कुणी फारसा नाव न कमावलेला इंग्रज चित्रकार होता. चित्राचं नाव छापलं नव्हतं, म्हणून मास्तरांनीच ते ठेवलं: 'प्रतीक्षा'. मग नववीच्या प्रत्येक तुकडीला त्यांनी त्या चित्राचं रसग्रहण शिकवलं. बाईचं शरीर आत आहे, कान बाहेर आहेत. कुणाची तरी पावलं वाजणार आहेत. गालावरचा उजेड म्हणजे आशा. मुलं हे सगळं वहीत उतरवून घेत. एकदा तपासणीला आलेले शिक्षणाधिकारी ते ऐकून रुमाल शोधू लागले होते, आणि मास्तर ती हकिगत अजून सांगत.

त्यांचा विद्यार्थी अपूर्व आता त्याच शाळेत ड्रॉइंग टीचर होता आणि तेच रसग्रहण तसंच शिकवत होता. त्यानं बरीच खटपट करून एका जुन्या यादीत त्या चित्रकाराचं नाव शोधलं. यादीत फोटो नव्हता, पण मूळ चित्र लंडनमधल्या एका लहानशा म्युझियममध्ये आहे एवढं कळलं. माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर लगेच मागणी आली. सर, मूळ चित्रासमोर उभं राहून रसग्रहण करा, सुचेताताईंना व्हिडिओ घ्यायला सांगा, आम्ही सोमवारी नववीच्या वर्गात दाखवतो. मास्तर आठ दिवस आरशासमोर सराव करत होते.

नोव्हेंबर होता. दुपारी तीनलाच संध्याकाळ होऊ घातली होती. वॉटफर्डहून ट्रेन, मग बस, मग म्युझियमच्या पायऱ्या, असं करत ते चौथ्या दालनात पोचले तेव्हा मास्तरांचे गुडघे बोलायला लागले होते. सुचेताचा चेहरा तर सकाळपासूनच उतरलेला होता. दालनात कुणी नव्हतं. कोपऱ्यातल्या खुर्चीवर एक पिकल्या केसांची रखवालदार बाई बसली होती. तिनं मान हलवली.

चित्र समोरच होतं. मास्तरांनी बाईला शोधलं, बाई सापडली, आणि त्यांच्या दृष्टीनं काम झालं. आपल्याला भरून येईल असं त्यांना वाटलं होतं. तसं काही झालं नाही. पाय तेवढे दुखत होते. चित्र त्यांच्या कल्पनेपेक्षा बरंच रुंद निघालं, उजवीकडे काळोखात आणखी काहीबाही होतं. पण जे चाळीस वर्षं पाहिलेलं नाही ते डोळ्यांना पटकन दिसत नाही.

"बाबा, आधी बसा ना जरा. बेंच आहे तिकडे," सुचेता म्हणाली.

"आधी काम."

त्यांनी मफलर नीट केला, चित्राकडे पाठ केली आणि फोनकडे तोंड करून उभे राहिले. "नमस्कार, विद्यार्थी मित्रहो. आज मी ज्या चित्रासमोर उभा आहे, ते तुम्ही सगळ्यांनी..."

"बाबा, एक सेकंद. थोडे लेफ्टला सरका. टेबल झाकलं जातंय."

"कसलं टेबल?"

"पेंटिंगमधलं."

मास्तर वळले. चष्मा काढून पुसला, परत लावला, आणि दोन पावलं पुढे गेले.

बाईच्या उजव्या बाजूला, कॅलेंडरात जिथं कागद संपायचा तिथून पुढे, एक लांबलचक टेबल होतं. आठ खुर्च्या कशाही मागे सारलेल्या. ताटांत हाडं, पेल्यांत तळाशी उरलेली दारू, विझत आलेली मेणबत्ती, टेबलावरच्या कापडावर सांडलेलं काहीतरी. एक रुमाल जमिनीवर पडलेला, कुणीतरी त्यावर पाय देऊन गेलेलं. टेबलाच्या अगदी कडेला एक ताट स्वच्छ होतं. त्यावर वाडगं पालथं घातलेलं होतं. घरातलं एक माणूस अजून जेवायचं होतं.

मास्तरांनी पुन्हा बाईकडे पाहिलं. कडी लागलेली होती. बाई कुणाची वाट बघत नव्हती. ती आत्ता कुठं माणसं घालवून, दार लावून, त्या दाराला टेकली होती. आणखी कुणी येऊ नये एवढंच तिला हवं होतं, आणि तेही फार वेळ मिळणार नव्हतं, कारण समोर ते टेबल होतं.

आडवं चित्र उभ्या कॅलेंडरात मावलं नव्हतं. कुठल्याशा छापखान्यातल्या माणसानं कात्री चालवली होती, आणि मास्तरांनी त्या कात्रीवर चोवीस वर्षं रसग्रहण उभं केलं होतं. त्यांना लाज वाटली. ती फार जोरात आली नाही. थकव्यातच कुठंतरी मिसळून गेली. मग तिच्या मागोमाग दुसरी आठवण आली, आणि ती मात्र जोरात आली.

सुचेता त्यांच्याच वर्गात होती. नववीत. तिनं वहीत लिहिलं होतं: 'पाहुणे गेले आहेत. बाईनं दार लावलं आहे. ती खूप दमली आहे.' मास्तरांनी ते वर्गात मोठ्यानं वाचून दाखवलं. आपलीच मुलगी, म्हणून जरा जास्तच रंगवून वाचलं. वर्ग हसला. "हिला डोळे आहेत, नजर नाही," असं म्हणून त्यांनी दहापैकी दोन मार्क दिले. सुचेता इंटरमिजिएटला बसली नाही. तिनं पुन्हा कधी घरात कागदाला रंग लावला नाही, आणि तिचा कल सायन्सकडे आहे असं मास्तर सगळ्यांना सांगत राहिले.

"तुला आठवतंय, तू काय लिहिलं होतंस?" त्यांनी विचारलं.

"हो." तिनं फोन खाली केला नव्हता. "जाऊ दे बाबा. तेहतीस वर्षं झाली. पटकन रेकॉर्ड करू या, साडेचारनंतर ट्रेनमध्ये उभं राहायला जागा मिळत नाही."

"कर सुरू."

यावेळी ते चित्राच्या कडेला उभे राहिले, टेबल दिसेल असे.

"मुलांनो, मी तुम्हाला जे शिकवलं ते चूक होतं," ते म्हणाले. आवाज नेहमीचा, वर्गातला लावायचा त्यांनी प्रयत्न केला, तो लागला नाही. "ही प्रतीक्षा नाही. हे टेबल बघा. माणसं जेवून गेली आहेत. अपूर्व, तू वर्गातल्या चित्राखालची 'प्रतीक्षा' ही पाटी काढ. माझ्या एका विद्यार्थिनीनं हे त्या वेळीच लिहिलं होतं. मी तिला दोन मार्क दिले आणि तिच्यावर वर्ग हसवला. ती माझी मुलगी आहे, सुचेता. तिला नजर होती. मला नव्हती."

सुचेतानं रेकॉर्डिंग थांबवलं. आपण मोठं काही बोललो, आता ती रडेल किंवा हात तरी धरेल, असं मास्तरांना क्षणभर वाटलं. माफी मागतानाही त्यांना समोरच्याकडून दाद लागायची. तिनं फोन खिशात टाकला आणि बेंचवर जाऊन बसली. मास्तर तिच्याशेजारी बसले. दोघं चित्राकडे बघत होते.

मग त्यांच्यातला मास्तर जागा झालाच. "पण मला एक सांग. कॅलेंडरात टेबल नव्हतं. ताटं नव्हती. पाहुणे गेलेत हे तू कशावरून ओळखलंस?"

"मी ओळखलं नव्हतं, बाबा," ती म्हणाली. "मला माहीतच होतं. ती आई होती."

मास्तरांना कळलं नाही.

"शनिवारी तुमची मंडळी यायची. ग्रेड परीक्षेचे एक्झामिनर, ते पुण्याचे आर्टिस्ट, मंडळाचे लोक. आठ-आठ, दहा-दहा जण. आधी पोहे, मग जेवण, मग पुन्हा पोळ्या टाकायच्या. तुम्ही आत बसून चित्रांवर बोलायचात. सगळे निघाले की आई दारापर्यंत जायची, या हं पुन्हा म्हणायची, कडी लावायची. आणि मग अशीच." तिनं हनुवटीनं चित्राकडे दाखवलं. "मी अभ्यास करत बसलेली असायचे, मला दर वेळी दिसायचं. तुम्ही वर्गात ते चित्र दाखवलंत तेव्हा मला वाटलं, बाबांना आईचं चित्र कुठून मिळालं."

मास्तर ते घर डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न करत होते. पाहुणे एकेक करून आठवले, त्यांचे आवाज आठवले, पुण्याच्या आर्टिस्टनं केलेली स्तुती तर शब्दन् शब्द आठवली. दारही आठवलं, हिरवं, वरच्या फळीचा रंग उडालेलं. दाराशी कुणी उभं असलेलं काही केल्या दिसेना. जवळजवळ पन्नास वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोला त्या दारात एकदाही पाहिलं नव्हतं, आणि आता पाहायला ती नव्हती.

"कशी उभी राहायची?" त्यांनी विचारलं. "मला दाखव."

"बाबा, इथे?"

"मला आठवत नाहीये गं. दाखव."

सुचेतानं पर्स बेंचवर ठेवली आणि दालनाच्या लाकडी दारापाशी गेली. एक कवाड लोटून तिनं त्याला पाठ टेकवली. उजवा हात मागे नेऊन दाराची मूठ धरली. डोकं मागे लाकडाला लागलं, एक खांदा खाली आला, पायांतली एक चप्पल काढावी तशी एक टाच बुटातून थोडी वर आली. कोपऱ्यातली रखवालदार बाई काहीतरी सांगायला खुर्चीतून अर्धी उठली, आणि सुचेताचा चेहरा बघून पुन्हा बसली. सुचेतानं डोळे मिटले.

मास्तरांनी चष्मा सारखा केला आणि बघितलं. पायांपासून सुरुवात केली, मग हात, मग खांदा, मग गळ्याची शीर, मग तोंड. घाई केली नाही.

"किती वेळ उभी असायची अशी?" त्यांनी विचारलं.

सुचेतानं डोळे उघडले नाहीत.

"तुम्ही आतून हाक मारेपर्यंत," ती म्हणाली.