पात्यावरचं स्वस्तिक

लग्नाला दहा महिने होत आले, तरी राजमतीअव्वांनी सुनेच्या हातचा घोटभर चहा घेतला नव्हता. भांडण म्हणाल तर अजिबात नाही! नुसतं आपलं वेगळं पातेलं. सून पूर्णिमा गारगोटीची, हंबीररावांची लेक. माहेरी दर रविवारी रस्सा उकळायचा. जैनाघरच्या जिनेंद्रशी लग्न केलं त्या दिवसापासून तिनं मटण सोडलं, पुढं कांदा-लसूणही सोडला, पण सासूचं पातेलं काही तिच्या हातात येईना. आता आणखी काय सोडायचं माणसानं?

यंदा पर्युषणात अव्वांनी शेवटचे पाच उपवास धरले. निव्वळ उकळलेल्या पाण्यावर, तेही अडुसष्टाव्या वर्षी. तिसऱ्या दिवशी भिंतीला टेकून बसल्या बसल्या त्या सहज म्हणाल्या, "पारणं तूच कर गं औंदा. मुगाचं कढण आनि दुधी. जास्त काय नको."

पूर्णिमाला रडूच फुटलं. मोरीत जाऊन तोंड धुऊन आली ती.

आता नुसतं कढण करून भागलं असतं की! पण पोरीला कुठला धीर. अव्वांसाठी काहीतरी खास करायचंच, असं तिनं मनात घेतलं. चाकूवर घरच्या घरी नक्षी कोरायचे व्हिडिओ ती दोन महिने मोबाइलवर बघत होती. सामान काय, नेलपॉलिश, मीठ, एक चौकोनी बॅटरी, दोन वायरी आणि कानात घालायच्या कापसाच्या काड्या. आधी एका भंगारातल्या चाकूवर वेल काढून पाहिली. नेलपॉलिश पातळ लागलं होतं, मिठाचं पाणी त्याच्याखाली शिरलं आणि वेलीच्या जागी नुसता काळा डाग उठला. दुसऱ्या दिवशी दोन थर दिले, नीट वाळू दिले, तेव्हा कुठं वेल वेलीसारखी दिसली.

पाचव्या दिवशी अव्वा दुपारी बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, प्रवचनाला गेल्या आणि हिनं त्यांचाच रोजचा लाकडी मुठीचा चाकू घेतला. अव्वा बस्तीत देवापुढं तांदळाचं स्वस्तिक काढत, वर तीन ठिपके, त्याच्यावर चंद्रकोर आणि टिंब. तेच तिनं वाळलेल्या नेलपॉलिशमधून सुईनं खरवडलं. एक वायर चाकूला लावली, दुसरी मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या कापसाला. कापूस टेकला की चर्र करून फेस यायचा, हिरवट घाण सुटायची. ती पुसायची, परत टेकायची. शेवटी सोडा लावून धुतलं, नेलपॉलिश काढलं, आणि काय सांगू, असं रेखीव उमटलं होतं! तिच्या डोक्यात माहेरची खंडेनवमी होती. त्या दिवशी तिचे आबा विळे-कोयते धुऊन त्यांच्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढायचे आणि सगळं घर पाया पडायचं. पात्यावर देवाची खूण म्हणजे पात्याचा मान, एवढंच तिला ठाऊक.

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अव्वा बस्तीतून आल्या. जिनेंद्रनं हाताला धरून पाटावर बसवलं. पूर्णिमानं कढण वाढलं, दुधीची भाजी वाढली आणि ताटाशेजारी चाकू ठेवला.

"अव्वा, तुमच्यासाठी केलंय. ह्याच चाकूनं दुधी चिरला बघा."

अव्वांनी चाकू उचलला, खिडकीकडं तिरका धरला. त्यांचे ओठ थरथरले. आनंदानं, असं वाटलं त्या येडीला.

"पूर्णिमा, ज्यानं चिरायचं त्येच्यावर ह्ये?"

"आमच्यात खंडेनवमीला..."

"तुमच्यात असंल. हितं समद्या जिवांचं भलं व्हावं म्हणून काढतो आमी ह्ये. आनि ह्येच्यासकट पातं चालवलंस तू."

जिनेंद्र मधे पडला. "अव्वा, चुकून झालंय की. घासून काढतो मी, दोन मिनटं लागत्यात."

"म्हंजी आता चिन्हावर कानस चालवणार? ऱ्हायलंय तेवढं कर."

अव्वांनी चाकू दोन्ही हातांनी शेजारच्या रिकाम्या पाटावर ठेवला आणि ताट पुढं सरकवलं.

"आज आनि एक उपास करते मी."

"सहावा? डॉक्टर काय म्हणाल्यात ठाव हाय न्हवं?" जिनेंद्र ओरडला.

पूर्णिमानं त्यांचे पायच धरले. "मला शिव्या द्या अव्वा, मारा, पण जेवा की ओ!"

"तुझ्यावर राग न्हाय गं." अव्वांचा आवाज खोल गेला होता. "तुला म्हाईत न्हवतं. दहा म्हैनं चुलीजवळ शेजारी बसवून घेतलं असतं, तर म्हाईत झालं असतं. त्ये माझं चुकलं. माझं मी फेडते."

मग त्यांनी तेच ताट सुनेसमोर ठेवलं. "तू जेव. पाच दिस माझ्यापायी तू बी धड जेवली न्हाईस, बघितलंय मी. अन्न टाकायचं न्हाय. तुमच्यात चालतंय न्हवं? जेव."

पूर्णिमानं घास तोंडात घातला. गिळवेना. समोर अव्वा गुडघ्यावर हात ठेवून बसल्या होत्या. डोळे आत गेलेले, ओठ सुकलेले, आणि नजर सुनेच्या तोंडाकडं.

"मऊ शिजलाय व्हय गं दुधी?" त्यांनी विचारलं.

"व्हय अव्वा," ती म्हणाली, आणि दुसरा घास घेतला.